पॅकेज नंतर, तपासणी आधी!

लेझरनं केस ‘कायमचे’ जातात, असं रील्स सांगतात. पण आगरदांडा-मुरुडच्या किनाऱ्यावर, उन्हात वावरणाऱ्या सावळ्या त्वचेसाठी ते कितपत खरं? लेझर नेमकं करतं काय, कुणाला चालतं, कुणाला भाजतं आणि पैसे भरण्याआधी काय विचारायचं?

आगरदांड्याच्या जेटीवर दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट बघत थांबा, नाहीतर मुरुडहून अलिबागला निघालेल्या एसटीत बसा. कॉलेजच्या पोरापोरींच्या मोबाइलवर ज्या जाहिराती सरकत असतात, त्यात केस काढण्याच्या लेझरची एक तरी सापडतेच. ‘फुल बॉडी’, ‘सहा सिटिंग’, ‘पेनलेस’, ‘लाइफटाइम’ आणि खाली बारीक अक्षरात ‘ईएमआय उपलब्ध’.

जाहिरात मुंबई-पनवेलच्या क्लिनिकची, मोबाइल आगरदांड्यातला. जिथवर रेंज आहे तिथवर ऑफर पोहोचते. त्वचेचा स्पेशालिस्ट मात्र तिथवर पोहोचलेला नसतो. त्याला गाठायचं तर बहुतेकदा अलिबाग, म्हणजे मुरुडपासून पुढं पन्नासेक किलोमीटर, नाहीतर थेट पनवेल किंवा मुंबई. त्यामुळे होतं असं की, पैसे ऑनलाइन आधी भरले जातात आणि ‘माझ्या त्वचेला हे चालेल का?’ हा प्रश्न पहिल्या सिटिंगच्या खुर्चीत बसल्यावर आठवतो. कधीकधी तर तेव्हाही आठवत नाही.

खरंतर लेझर काही भानगड नाही. योग्य माणसावर, योग्य मशिननं, योग्य हातांनी केलं तर ते चांगलं काम करतं. पण ते कुणावर किती चालेल हे पॅकेजवर ठरत नाही. ते ठरतं तुमच्या त्वचेच्या रंगावर, केसाच्या जाडीवर, हार्मोन्सवर आणि गेल्या महिनाभरात तुम्ही किती उन्हात होतात यावर. हे चारही प्रश्न कुठल्याच ऑफरमध्ये विचारलेले नसतात.

591 मार्क आणि ओठावरची लव

आधी जरा मागं जाऊ. 20 एप्रिल 2024 ला उत्तर प्रदेश बोर्डाचा दहावीचा निकाल लागला. सीतापूरची प्राची निगम 600 पैकी 591 गुण मिळवून राज्यात पहिली आली. तिचा फोटो व्हायरल झाला आणि लोकांनी मार्कांऐवजी तिच्या ओठावरच्या केसांची चर्चा सुरू केली. दहावीतली मुलगी, राज्यात पहिली, आणि देशभर टिंगल कशाची, तर मिशीची.

मग तिच्या बाजूनंही लोक उभे राहिले. त्यात दाढीचं सामान विकणारी एक कंपनीही होती. तिनं प्राचीच्या नावानं पेपरात जाहिरात दिली, तिला पाठिंबा दिला आणि खाली स्वतःचं नाव छापलं. लोक त्यावरही चिडले, आणि बरोबरच होतं. ज्या न्यूनगंडावर हा धंदा चालतो त्याच न्यूनगंडावर फुंकर घालत आपलं नाव छापून घ्यायचं, हे जरा जास्तच झालं.

हा किस्सा इथं सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडंही वेगळं काही घडत नाही. वर्गात कुणीतरी ‘काय गं, दाढी करतेस का?’ म्हणतं. पोरांमध्ये उलटं, कुणाला दाढीच येत नाही म्हणून चिडवतात, कुणाच्या पाठीवर केस आहेत म्हणून पोहायला जाताना टी-शर्ट काढायची लाज वाटते. अशा टोमण्यानंतर त्याच रात्री मोबाइलवर शोधाशोध होते, आणि एकदा शोधलं की मग जाहिराती पाठ सोडत नाहीत. लेझर करायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. पण टोमण्यानंतरच्या रात्री कुठलंच पॅकेज बुक करू नये.

बाइकची काळी सीट

आता मशिनकडे येऊ. उन्हात लावलेल्या बाइकची काळी सीट बसता येत नाही इतकी तापते. शेजारी उभी असलेली पांढरी गाडी तेवढी तापत नाही. गडद रंग प्रकाश शोषतो आणि त्याची उष्णता होते. लेझरचं अख्खं गणित एवढंच आहे.

आपल्या केसात मेलॅनिन नावाचा गडद रंग असतो. लेझरचा प्रकाश त्वचेतून आत जातो, केसातलं मेलॅनिन तो शोषतं, केस तापतो आणि ती उष्णता मुळाशी असलेल्या पेशींना इजा करते. मूळ पुरेसं दुखावलं की पुन्हा केस येत नाही, किंवा आला तरी बारीक, विरळ आणि फिका येतो. केस पांढरा, सोनेरी किंवा लालसर असेल तर शोषायला मेलॅनिनच पुरेसं नाही, म्हणून तिथं लेझर जवळपास निरुपयोगी. चेहऱ्यावरची अगदी मऊ, बारीक लवही याच कारणानं नीट दाद देत नाही.

पण मेलॅनिन फक्त केसात असतं का? नाही. तेच मेलॅनिन आपल्या त्वचेतही असतं. मग त्वचा का भाजत नाही? 1983 साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन अमेरिकन डॉक्टरांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर मांडलं. पातळ पापड पटकन निवतो, जाड भाकरी बराच वेळ गरम राहते. त्वचेच्या वरच्या थरातले मेलॅनिनचे बारीक कण पापडासारखे झटकन थंड होतात, केसाचं जाड मूळ भाकरीसारखं गरम राहतं. प्रकाशाचा रंग आणि झोताची वेळ, तीही सेकंदाच्या हजाराव्या भागात, नेमकी निवडली तर मूळ भाजतं आणि त्वचा वाचते. वरून त्वचेला गार हवेनं किंवा गार टोकानं थंड ठेवतात, तेही यासाठीच.

ही निवड चुकली तर भाजायचं ते त्वचेलाच.

आधी गोऱ्या त्वचेवर सिद्ध झालं

जाहिरातीत कधीच न येणारी एक गोष्ट आता बघू. लेझरनं केसाचं मूळ दुखावता येतं हे दाखवणारा एक महत्त्वाचा अभ्यास 1996 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात रूबी लेझर वापरला होता आणि भाग घेणारे होते फक्त 13 जण. सगळे गोऱ्या त्वचेचे आणि काळ्या-तपकिरी केसांचे. म्हणजे त्वचा फिकी, केस गडद. लेझरसाठी याहून सोपं गिऱ्हाईक नाही.

आपलं तसं नाही. त्वचेचे सहा प्रकार सांगणारी फिट्झपॅट्रिक नावाची एक मोजपट्टी डॉक्टर वापरतात. पहिला प्रकार अतिशय गोरा, सहावा अतिशय काळा. आपण भारतीय बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतो. आपल्या त्वचेत मेलॅनिन भरपूर. लेझर केसाला शोधत असताना वाटेत त्याला त्वचाच आधी भेटते. मग लालसर चट्टे, फोड आणि नंतर महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पडू शकतात. कधी उलट पांढुरके डागही.

म्हणून मशिन कुठलं, हा प्रश्न आपल्यासाठी फार महत्त्वाचा. रूबी लेझरची तरंगलांबी 694 नॅनोमीटर, अलेक्झांड्राइटची 755, डायोडची साधारण 800 ते 810 आणि एनडी-याग लेझरची 1064. तरंगलांबी वाढते तसा प्रकाश खोल जातो आणि वरच्या थरातल्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो. त्यामुळे गडद त्वचेसाठी एनडी-याग सगळ्यांत सुरक्षित मानतात. डायोडही नीट सेटिंग ठेवून आपल्याकडं भरपूर वापरतात. रूबी आपल्यासाठी नाहीच.

आणि ‘आयपीएल’? ते मुळात लेझर नाही. तो एकाच वेळी अनेक तरंगलांबींचा प्रकाशाचा झोत असतो. सावळ्या त्वचेवर तो जास्त जपून वापरावा लागतो. घरी वापरायची जी यंत्रं ऑनलाइन मिळतात ती बहुतेक आयपीएलच असतात. त्यांच्या खोक्यावर त्वचेच्या रंगांचा एक तक्ता छापलेला असतो. शेवटच्या गडद चौकोनांवर फुली असते. डिस्काउंट बघण्याआधी तो तक्ता आपल्या हाताशेजारी धरून बघा.

किनाऱ्यावरचं ऊन

आता हेच सगळं आगरदांड्यात आणून ठेवा. इथं ऊन टाळणं म्हणजे जगणं टाळणं. कुणी घरच्यांसोबत होडीवर जातं, कुणी मासळी वाळवायला मदत करतं, कुणी जंजिऱ्याला येणाऱ्या पर्यटकांच्या मागं सीझनभर असतं, कुणी रोज जेटीवर फेरीची वाट बघत तळतं. या सगळ्यात त्वचा रापते, म्हणजे त्वचेतलं मेलॅनिन वाढतं. रापलेल्या त्वचेवर लेझर मारणं म्हणजे भाजण्याचा धोका ओढवून घेणं. म्हणून सिटिंगच्या आधी आणि नंतर काही आठवडे ऊन टाळा, झाकून राहा, एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा, असं डॉक्टर सांगतात.

मुंबईत एसी ऑफिसात बसणाऱ्या मुलीला हा सल्ला दोन मिनिटांत पटतो. आपल्याकडं त्यासाठी कॅलेंडर बघावं लागतं. एप्रिल-मेचं ऊन, सुट्टी, लग्नं आणि समुद्र, हा काळ सुरुवात करायला सगळ्यांत वाईट. त्यातही चेहरा आणि हात हे सगळ्यांत जास्त उन्हात असलेले भाग. काखेसारख्या झाकलेल्या भागाला तेवढी अडचण नसते, शिवाय तिथले केस जाड आणि काळे, म्हणून तिथं निकालही चांगला मिळतो.

आणखी एक कोकणातली गोष्ट. पावसाळ्यात लेप्टोच्या भीतीनं डॉक्टर डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात. पिंपल्सवरही हीच गोळी देतात. तिच्यामुळे त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते. पिंपल्सच्या आयसोट्रेटिनॉइनबद्दलही डॉक्टरला माहिती हवीच. ‘सध्या काही औषध चालू आहे का?’ असं क्लिनिकमध्ये विचारलं नाही, तर आपण होऊन सांगा.

‘कायमचं’ म्हणजे किती?

अमेरिकेची औषध नियंत्रण संस्था, एफडीए, लेझरच्या बाबतीत ‘केस कायमचे काढणे’ हा शब्दच वापरू देत नाही. परवानगी आहे ती ‘कायमस्वरूपी घट’ या शब्दांना. म्हणजे ठरावीक सिटिंग झाल्यावर पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणं. सगळे केस जातील, असा त्याचा अर्थ नाही. दहा-वीस वर्षं वॅक्सिंग करावं लागणार नाही एवढी घट झाली तरी ते यशच. पण वर्षा-दोन वर्षांनी एखादं टचअप सिटिंग बऱ्याच जणांना लागतं, हे आधीच धरून चाला. ‘लाइफटाइम गॅरंटी’ असा शब्द दिसला की ती लिहून मागा.

एका फटक्यात का होत नाही, याचं कारण केसाच्या आयुष्यात आहे. प्रत्येक केस वाढतो, थांबतो, विश्रांती घेतो, गळतो आणि मग त्याच जागी नवा येतो. लेझरचा नीट परिणाम होतो तो वाढीच्या टप्प्यातल्या केसावर. डोक्यावरचे 85 ते 90 टक्के केस एका वेळी या टप्प्यात असतात. हातापायांवर हे प्रमाण बरंच कमी असतं. जे आज झोपलेत ते पुढच्या वेळी सापडणार. म्हणून चेहऱ्याला साधारण चार ते सहा आठवड्यांनी आणि अंगाला सहा ते आठ आठवड्यांनी, अशी सहा ते आठ सिटिंग लागतात. पायांचं पॅकेज घेतलं की जवळपास एक वर्ष त्यात जातं. ‘महिन्यात रिझल्ट’ म्हणणाऱ्याला हे गणित तरी माहीत नसतं किंवा तुम्हाला माहीत नसावं अशी त्याची इच्छा असते.

सिटिंगच्या दिवशी काय होतं?

चार आठवडे आधीपासून वॅक्सिंग, थ्रेडिंग, एपिलेटर, चिमटा बंद. कारण लेझरला प्रकाश शोषायला मुळातला केस जागेवर हवा, तुम्ही तो उपटलात तर तापणार काय? रेझर मात्र चालतो. किंबहुना आदल्या दिवशी तो भाग शेव्ह करूनच यायला सांगतात. ‘रेझर फिरवला की केस जाड येतात’ ही समजूत खोटी आहे. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते राठ लागतं, एवढंच.

पहिल्या भेटीत एका छोट्या जागेवर पॅच टेस्ट व्हायला हवी आणि काही दिवस थांबून त्वचा बघायला हवी. सिटिंगला तुमच्यासकट खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर खास गॉगल हवा. लेझर डोळ्याला कायमची इजा करू शकतो. म्हणून पापण्यांवर आणि डोळ्याला लागून ते करतच नाहीत. तीळ आणि टॅटू झाकतात किंवा वगळतात, कारण टॅटूची शाईही प्रकाश शोषते आणि तिथं भाजतं.

दुखतं का? रबर बँड ताणून सोडल्यासारखा चटका बसतो. काखेत, ओठावर जास्त जाणवतो. थोडा केस जळाल्याचा वास येतो. नंतर केसांच्या मुळाभोवती लालसर सूज येते, ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उतरते. मग एक ते तीन आठवड्यांत केस वर आल्यासारखे दिसतात. घाबरायचं नाही, ते उगवत नसतात, गळत असतात. फोड, तीव्र जळजळ किंवा काळपट खपली दिसली तर मात्र वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

‘पेनलेस’च्या नादात एक मोठा धोका आहे. 2005 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या एका 22 वर्षांच्या कॉलेज विद्यार्थिनीनं लेझरला जाण्याआधी पायांना बधिर करणारं तीव्र क्रीम लावलं आणि वर प्लास्टिक गुंडाळलं. गाडी चालवत क्लिनिककडे जातानाच तिला झटके आले, ती कोमात गेली आणि दगावली. 25 वर्षांची आणखी एक तरुणी अशीच गेली. त्यानंतर 2007 मध्ये एफडीएनं या क्रीमबद्दल जाहीर इशारा दिला. मोठ्या भागावर, झाकून, डॉक्टरला न विचारता बधिर करणारं क्रीम लावायचं नाही. चटका सहन होतो. औषध रक्तात उतरलं तर सहन होत नाही.

कॅन्सर, मूल न होणं वगैरे ज्या अफवा फिरतात त्यांना आधार नाही. हा प्रकाश एक्स-रेसारखा नसतो आणि तो त्वचेच्या काही मिलिमीटर खोलीपलीकडे पोहोचत नाही.

केस हे लक्षण असेल तर?

मुलींसाठी या लेखातला हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. हनुवटीवर, ओठावर, छातीवर किंवा पोटावर जाड काळे केस येत असतील, सोबत पाळी पुढं-मागं होत असेल, पिंपल्स वाढले असतील, वजन वाढत असेल, तर हा प्रश्न सौंदर्याचा नाही. पीसीओएस असू शकतो. जगभरात प्रजननक्षम वयातल्या साधारण दहात एकीला तो असतो आणि अनेकींना आपल्याला तो आहे हे कळतही नाही. थायरॉइडच्या आणि इतर काही हार्मोन्सच्या गडबडीही असू शकतात.

अशा वेळी नुसतं लेझर करणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून खालची जमीन पुसत बसणं. हार्मोन नवे केस जाड करत राहतात आणि सिटिंगमागून सिटिंग वाढत जातात. शिवाय चेहऱ्यावर आणि मानेवर, विशेषतः आपल्यासारख्या त्वचेच्या मुलींमध्ये, लेझरनंतर आजूबाजूची बारीक लव उलट जाड होण्याचा प्रकारही डॉक्टरांनी नोंदवलाय. हार्मोन्सची तक्रार असलेल्यांमध्ये ही शक्यता जास्त असते.

म्हणून आधी तपासणी. अलिबागला 2021-22 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की त्वचाविकार आणि स्त्रीरोग हे विभाग आलेच. केसपेपर काढून दाखवता येतं. रक्ताच्या तपासण्या, गरज असेल तर सोनोग्राफी, हे आधी होऊ द्या. पॅकेजच्या पहिल्या हप्त्यापेक्षा ते स्वस्त पडेल. आणि केस काही महिन्यांत झपाट्यानं वाढले, आवाज घोगरा झाला किंवा पाळीच बंद झाली, तर उशीर न करता डॉक्टरकडे जा.

आईला कसं सांगायचं, हा वेगळाच प्रश्न असतो. ‘लेझर करायचंय’ म्हटलं की ‘कशाला ती थेरं?’ हे उत्तर येण्याची शक्यता जास्त. ‘पाळी अनियमित आहे, डॉक्टरला दाखवूया’ हे वाक्य बऱ्याच घरांत चालतं. आणि ते खोटंही नसतं.

मुलांनाही लेझर चालतं. दाढीच्या जागी केस आत वळून सतत फोड येत असतील तर त्याचा चांगला उपयोग होतो. पण विशीच्या आत छाती-पाठीवरचे केस अजून यायचेच असतात, त्यामुळे आज घेतलेलं पॅकेज पंचविशीत अपुरं वाटू शकतं.

मशिन कुणाच्या हातात?

‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी काही आठवड्यांचा कोर्स करूनही लावली जाते. त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी (डीव्हीएल), डीएनबी किंवा त्वचारोगाची पदविका घेतलेला डॉक्टर. नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधा. मशिन टेक्निशियन चालवत असेल तरी तुमची त्वचा बघून सेटिंग ठरवणारा आणि काही बिघडलं तर धावून येणारा डॉक्टर त्याच जागी हवा.

काही बिघडलंच तर? वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच स्पष्ट केलंय. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोग अलिबागलाच आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. पण त्यासाठी हातात कागद हवेत: बिल, संमतिपत्र, प्रत्येक सिटिंगची नोंद, आधीचे आणि नंतरचे फोटो. जीपेचा स्क्रीनशॉट हे बिल नव्हे.

किनाऱ्याचा हिशेब

छोट्या भागाच्याही एका सिटिंगला हजारांत पैसे लागतात, पूर्ण पायांना त्याच्या कित्येक पट. पण आगरदांड्याच्या मुलीला त्यात आणखी भर घालावी लागते. सहा ते आठ फेऱ्या, एसटीचं किंवा बोटीचं भाडं, दर वेळी बुडालेला एक दिवस. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, म्हणजे मुंबईच्या क्लिनिकचं पॅकेज घेतलं तर मधली सिटिंग हुकू शकतात. त्यात प्रॅक्टिकल आणि सेमिस्टरच्या तारखा. शिवाय ईएमआय म्हणजे कर्जच. ते तुमच्या नावावर असतं आणि क्लिनिक बंद पडलं म्हणून हप्ते आपोआप थांबत नाहीत.

म्हणून सगळ्या अंगाचं पॅकेज एकदम घेऊ नका. आधी एक छोटा झाकलेला भाग, एक-दोन सिटिंगचे पैसे, परिणाम बघा, मग पुढचं. तोवर रेझर, थ्रेडिंग, वॅक्सिंग आहेच. काहीच न करणं हाही एक पर्याय आहे आणि तो फुकट आहे. अंगावर केस असणं हा आजार नाही.

पैसे भरण्याआधी हे विचारा

* मशिन कुठलं? एनडी-याग, डायोड की आयपीएल?
* माझी त्वचा फिट्झपॅट्रिकच्या कितव्या प्रकारात बसते?
* पॅच टेस्ट करणार का, आणि किती दिवस थांबणार?
* डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक काय? सिटिंगला ते हजर असतील का?
* मी रोज उन्हात असते/असतो. कुठल्या महिन्यात सुरुवात करू?
* माझ्या हार्मोन्सची तपासणी गरजेची आहे का?
* किती टक्के घट अपेक्षित आहे? टचअपचे पैसे वेगळे का?
* मधेच थांबले/थांबलो तर उरलेले पैसे परत मिळतील का? हे लिहून द्याल का?
* भाजलं किंवा डाग पडला तर उपचार कोण करणार, खर्च कुणाचा?

यातल्या निम्म्या प्रश्नांना समोरच्याकडून ‘त्याची काळजी नका करू’ एवढंच उत्तर आलं, तर पैसे खिशात ठेवून परतीची एसटी धरा. आणि तुम्ही अजून अठरा पूर्ण नसाल, तर पालकांच्या सहीशिवाय पुढं जाणाऱ्या क्लिनिकमधून आधी बाहेर पडा.